क्विक म्हणजे मुळात जिवंत

'क्विक' म्हटलं की आज झटपट एवढंच डोक्यात येतं. जुन्या इंग्रजीत मात्र त्याचा अर्थ होता जिवंत. जिवंत ते हलतं, हलतं ते चपळ, असं करत १३०० च्या सुमारास वेगाचा अर्थ पुढे आला आणि हळूहळू मूळ अर्थाला त्याने मागे सारलं.

आपला 'जीव' आणि हा 'क्विक' सख्खी भावंडं आहेत. मूळ इंडो-युरोपीय भाषेत, म्हणजे संस्कृत, लॅटिन, इंग्रजी यांच्या सामाईक पूर्वज भाषेत, ओठांचा चंबू करून म्हटलेला 'ग्व' होता. जर्मानिक भाषांत (इंग्रजी त्यांतलीच) त्याचा 'क्व' झाला, लॅटिनमध्ये 'व' (विवुस, म्हणजे जिवंत), आणि संस्कृतात पुढच्या 'ई'मुळे 'ज'. योगायोग वाटत असेल तर 'क्वीन' घ्या. तिची संस्कृत बहीण 'जनि', म्हणजे स्त्री. तिथेही क्व आणि ज समोरासमोर.

जुना अर्थ जोडशब्दांत टिकला. 'क्विकसिल्व्हर', म्हणजे पारा, हे लॅटिन 'आर्जेंटुम विवुम'चं शब्दशः भाषांतर: जिवंत चांदी. ताटलीत पळणारा थेंब पाहिला की हे नाव पटतंच.

मला सर्वात आवडतो तो 'क्विकलाइम', आपला कळीचा चुना. चुनखडी ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि १०० किलो शुद्ध दगडातून ५६ किलो चुना उरतो. पाणी लागताच खडे तडकतात, फुगतात, वाफा सोडतात. दगड जिवंत झाल्यासारखाच दिसतो! हिशेबाने ५६ किलोला १८ किलो पाणी पुरतं, पण बरंच वाफेत उडतं, म्हणून जास्तच घ्यावं लागतं. आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना, आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. पाणी कमी पडलं तर आत न विरलेले कण राहतात. ते पुढे गिलाव्यात ओल ओढून फुगतात आणि भिंतीवरून टवके उडतात. विरलेल्या चुन्याला इंग्रजीत 'स्लेक्ड' म्हणतात, म्हणजे तहान भागलेला.

भाषांतर करणाऱ्यांची फसगत होते ती ख्रिस्ती श्रद्धावचनातल्या 'द क्विक अँड द डेड'पाशी. तिथे 'जिवंत आणि मृत' असंच हवं. चपळाईचा काही संबंध नाही. गर्भाची हालचाल आईला पहिल्यांदा जाणवते ती 'क्विकनिंग', साधारण १६ ते २० आठवड्यांत.

आणि 'द क्विक' म्हणजे नखाखालचं कोवळं मांस. मराठीत त्याला नेमका शब्द आहे, जिव्हाळी. कुत्र्याचं नख पांढरं असेल तर ती गुलाबी दिसते. नख काळं असेल तर पातळ पातळ चकत्या कापत जायचं आणि कापलेल्या भागाच्या मधोमध गडद ठिपका दिसला की थांबायचं. त्यापुढे रक्त येतं. इंग्रजीत मन दुखावलं की 'कट टु द क्विक' म्हणतात. आपण म्हणतो, जिव्हारी लागलं.