मटण स्ट्रीट ते चर्चगेट: जॅझच्या तबकड्या शोधत मुंबईत

चोरबाजारात रेकॉर्ड बघायला जायचं असेल तर शुक्रवार टाळा. त्या दिवशी पहाटेपासून रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो, गर्दी उसळते आणि मटण स्ट्रीटवरची पक्की दुकानं बंद असतात. रेकॉर्ड घ्यायची तर ती पाकिटातून काढून, उजेडात धरून, दोन्ही बाजूंनी सावकाश बघावी लागते. म्हणून मी बुधवारी नाशिकरोडहून पंचवटी पकडली, सीएसएमटीला उतरले आणि लोकलनं सँडहर्स्ट रोडला आले. गिरगावातून मामा येऊन थांबला होता. माझ्या घरात जॅझ आलं ते मामामुळे. कॉलेजात असताना तो रात्री शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिका लावायचा आणि विलिस कोनोव्हरचा जॅझचा कार्यक्रम ऐकायचा. कोनोव्हर इंग्रजी मुद्दाम संथ आणि सोपं बोलायचा, त्यामुळे वादकांची नावं मामाला लिहून घेता यायची. ती वही अजून त्याच्याकडे आहे.

स्टेशनपासून चालत नळबाजाराच्या बाजूनं आत शिरलो. भेंडीबाजाराचा मोठा पट्टा पाडून तिथे उंच इमारती उभ्या राहताहेत, त्यामुळे ओळखीच्या खुणा हरवतात. मटण स्ट्रीट मात्र अजून तसाच अरुंद आहे. जहाजांचे दिवे, टाइपरायटर, जुन्या सिनेमांची पोस्टरं, आणि मधेच एखाद्या दुकानात जमिनीपासून छतापर्यंत रेकॉर्ड. आम्ही ज्या दुकानात बसलो तिथे हिंदी सिनेमा, गझल आणि कव्वाली यांचे वेगळे गठ्ठे होते. जॅझचा गठ्ठा नव्हता. ‘इंग्लिश’ म्हणून एक कोपरा होता. त्यात ख्रिसमसची गाणी, वॉल्ट्झ, पियानोचे धडे आणि जॅझ असं सगळं एकत्र. मालकांनी दोन स्टुलं पुढे केली, चहा मागवला आणि एवढंच म्हणाले, “ताई, किनारे से पकडना, बस.”

रेकॉर्डची परीक्षा मामानं मला शिकवली, ती इथे सविस्तर लिहिते, कारण नव्यानं गोळा करणाऱ्यांचे पैसे बहुतेक इथेच जातात. आधी कव्हर बाजूला ठेवायचं आणि तबकडीवरचं लेबल वाचायचं. कव्हर एका रेकॉर्डचं आणि आत दुसरीच, हे जुन्या बाजारात सर्रास दिसतं. मग तबकडी डोळ्यांच्या रेषेत आडवी धरायची, म्हणजे ती वाकली आहे का ते कळतं. नंतर दिव्याखाली तिरकी करायची. पाकिटात आत-बाहेर करताना कागदानं पडलेल्या बारीक रेघा दिसायला वाईट असतात, पण बहुतेकदा ऐकू येत नाहीत. नखाला लागणारा ओरखडा मात्र प्रत्येक फेऱ्याला टक्‌ करणार. मधल्या भोकाभोवती लेबलवर केसासारख्या रेघा असतील तर ती रेकॉर्ड खूपदा लावली गेली आहे असं समजायचं, कारण रेकॉर्ड लावताना प्लेअरची मधली खुंटी शोधली जाते तेव्हा त्या पडतात. आणि खाचा करड्या पडल्या असतील तर जड सुईनं त्या झिजवल्या आहेत. तो आवाज कोणत्याही धुलाईनं परत येत नाही.

शेवटी बघायची ती सर्वांत आतली, गाणं संपल्यानंतरची मोकळी पट्टी. तिथे कोरलेला मॅट्रिक्स नंबर असतो. कव्हर बदलता येतं, लेबलही फसवू शकतं, पण तबकडी कोणत्या साच्यातून निघाली हे ती पट्टी सांगते. अमेरिकेतल्या ब्लू नोट कंपनीच्या जुन्या रेकॉर्डांची किंमत तर या पट्टीवरच ठरते. ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांची खूण तिथे असते, आणि प्लॅस्टिलाइट कारखान्यात छापलेल्या प्रतींवर वळणदार इंग्रजी ‘पी’ कोरलेलं असतं, जे कानासारखं दिसतं. 1966 मध्ये कंपनी विकली गेली आणि ती खूण थांबली. तेच संगीत, तेच कव्हर, पण कान आहे की नाही यावर किंमत कितीतरी पटींनी बदलते.

पहिल्या छपाईचा आग्रह कुणाला वेड वाटेल, पण तिच्यात इतिहास जसाच्या तसा अडकलेला असतो. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 1959 सालच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या रेकॉर्डचंच बघा. पहिल्या बाजूची गाणी मुद्रित करताना मुख्य टेपयंत्र किंचित हळू चालत होतं, त्यामुळे रेकॉर्डवर ती बाजू थोड्या चढ्या सुरात वाजते. तीस-पस्तीस वर्षं जगानं ती तशीच ऐकली. चूक दुरुस्त झाली 1990 नंतरच्या आवृत्त्यांत. मामाच्या कानात जुना सूर बसला आहे आणि तो हटून बसतो की खरा सूर तोच. मला दुरुस्त केलेला सूर जवळचा वाटतो, पण जुनी प्रत समोर आली तर मी ती सोडणार नाही.

त्या कोपऱ्यात ब्लू नोट नव्हतीच. इथे मिळतात त्या बहुतेक भारतीय छपाईच्या प्रती, लेबलवर ‘मेड इन इंडिया’, कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातून आलेल्या. परदेशातले संग्राहक त्यांना खालचा दर देतात. कागद पातळ, छपाई फिकट, पृष्ठभागाची खरखर जास्त, हे त्यांचे आक्षेप पुष्कळदा खरेही असतात. तरी माझं मत ठाम आहे: मुंबईत बसून जॅझ गोळा करणाऱ्यानं आधी याच प्रती जपाव्यात. न्यूयॉर्कची प्रत न्यूयॉर्कमध्ये शेकडो लोक सांभाळताहेत. या गावात कोणी काय ऐकलं, कुठून विकत घेतलं, याचा पुरावा फक्त याच पाकिटांवर आहे. मी लुई आर्मस्ट्राँगचा एक एलपी (लांब वाजणारी रेकॉर्ड) घेतला, बाराशे रुपयांना. मागच्या बाजूला काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाउस या रेकॉर्डच्या दुकानाचा छोटा स्टिकर आहे आणि कोपऱ्यात निळ्या शाईत कुणाचं तरी नाव. आर्मस्ट्राँग 1964 मध्ये मुंबईत वाजवून गेले. त्या नावाचा माणूस तेव्हा प्रेक्षकांत असेल का, या विचारानं मी ते पाकीट पुन्हा पुन्हा उलटून बघत होते.

मालकांनी मग आतून एक गोष्ट आणून दाखवली: शंकर-जयकिशन यांची ‘रागा जॅझ स्टाइल’, 1968. अकरा राग, रईस खान यांची सतार, मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन, लेस्ली गोदिन्हो यांचे ड्रम्स. तोडी आणि भैरव ट्रम्पेटच्या शेजारी उभे राहतात आणि अवघडत नाहीत. मूळ प्रतीसाठी जगभरातून मागणी असते, त्यामुळे सांगितलेली किंमत पाच आकडी होती. मी फक्त हातात धरली, पट्टीवरचा नंबर वाचला आणि परत दिली. भारतीय छपाई म्हणून नाक मुरडणारे या एका तबकडीपुढे मात्र गप्प बसतात, कारण हिची पहिली छपाई भारतातलीच.

दुपारी टॅक्सीनं फोर्टात आलो. ऱ्हिदम हाउस 2016 मध्ये बंद झालं. मामा त्या कोपऱ्यावर थोडा थांबला आणि सरळ चालू लागला. चर्चगेटच्या वीर नरिमन रस्त्यावर आल्यावर मात्र तो बोलता झाला. हा रस्ता तेव्हा चर्चगेट स्ट्रीट, आणि पन्नास-साठच्या दशकांत इथल्या रेस्टॉरंटांत रोज संध्याकाळी बँड वाजायचे. त्यांतलं गेलॉर्ड अजून सुरू आहे. आम्ही तिथे कॉफी घेतली. मामानं लहानपणी हे संगीत फुटपाथवरून ऐकलं, आत जाण्याइतके पैसे नव्हते.

त्याच्याही आधी, 1935 मध्ये, लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड. त्यांच्याबरोबर वाजवता वाजवता गोव्याहून आलेली आणि मुंबईतलीच मुलं तयार झाली. मिकी कोरिया यांनी 1939 पासून दोन दशकं ताजचा बँड सांभाळला. पारशी घरातले कावसजी खटाव ‘रूडी कॉटन’ या नावानं सॅक्सोफोन वाजवू लागले. आणि आल्दोनाचे आंतोनियो शाव्हिएर वाझ झाले चिक चॉकलेट. ताजशेजारच्या ग्रीन्स हॉटेलात त्यांचा बँड वाजायचा. ग्रीन्स पाडून आज तिथे ताजचा टॉवर आहे. आम्ही अपोलो बंदरापर्यंत चालत गेलो आणि मामानं बोटानं जागा दाखवली.

आता माझ्या या सगळ्या फिरण्याचं खरं कारण सांगते. एवढे बँड, एवढी वर्षं, आणि त्यांच्या स्वतःच्या नावावरच्या तबकड्या किती? फार थोड्या. 1936 मध्ये क्रिकेट स्मिथ यांच्या बँडनं मुंबईत ‘ताजमहाल’ नावाचा फॉक्सट्रॉट, म्हणजे नाचाची धून, मुद्रित केला, चिक चॉकलेट यांच्याही काही तबकड्या निघाल्या, पण रोज रात्री जे वाजत होतं त्यातलं बहुतेक हवेत विरलं. मग दारूबंदी आली, 1949 चा कायदा झाला, हॉटेलांतली कामं आटली आणि हे वादक दादर-ताडदेवच्या सिनेमा स्टुडिओंकडे वळले. नोटेशन वाचता येणारे, ब्रास आणि सॅक्सोफोन वाजवणारे लोक संगीतकारांना हवेच होते. तेव्हा मुंबईचं जॅझ शोधायचं तर ‘इंग्लिश’ कोपऱ्याइतकंच हिंदी सिनेमाच्या गठ्ठ्यातही शोधावं लागतं.

आपल्या पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र चितळकर, इथे येतात. चितळकर अण्णांनी 1951 मध्ये भगवानदादांच्या ‘अलबेला’ला संगीत दिलं, तेव्हा चिक चॉकलेट त्यांचे सहायक होते. सिनेमात ते स्वतः बँडसह पडद्यावरही दिसतात. ‘शोला जो भडके’ पुन्हा ऐका, या वेळी शब्द सोडून फक्त वाद्यं. तालातली लॅटिन उसळी ऐका, आणि गायकानं श्वास घेतला की ती जागा वाद्यं कशी उचलतात तेही. भगवानदादांचा नाच सगळ्यांना आठवतो, ती पावलं ज्या वाद्यांवर पडतात त्यांचे वादक कुणाला माहीत नसतात. 78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या, लेबलवर सिनेमाचं, गायकाचं, संगीतकाराचं नाव असतं. ट्रम्पेट कुणी वाजवलं, वाद्यमेळ कुणी बांधला, ते कुठेच नाही. मला हा अन्याय वाटतो आणि तो दूर करायची एकच वाट दिसते: त्या तबकड्या टिकवायच्या आणि नावं सांगत राहायचं.

‘अलबेला’ची 78 मला मटण स्ट्रीटवरच मिळाली, तीनशे रुपयांत. एका बाजूला बारीक तडा होता, पण तो काठाशी, गाण्याच्या खाचांपर्यंत न पोचलेला. या तबकड्या लाखेच्या, त्यात दगडाची पूड मिसळलेली. जगभरच्या रेकॉर्डांना लागणारी लाख भारतातून जायची. दुसऱ्या महायुद्धात तिचा पुरवठा तुटला तेव्हा 1942 मध्ये अमेरिकेला लाखेच्या वापरावर निर्बंध घालावे लागले, आणि नवी रेकॉर्ड घ्यायला जुनी परत द्यायची वेळ आली. आर्मस्ट्राँग आणि एलिंग्टन यांच्या त्या काळच्या तबकड्यांत आपल्या जंगलांतली लाख आहे, हे मला मामानंच सांगितलं होतं.

लाख म्हटल्यावर एक सूचना. एलपी धुताना काही जण पाण्यात थोडं अल्कोहोल घालतात. 78 वर ते चुकूनही लावू नका, लाख त्यात विरघळते. डिस्टिल्ड वॉटर, थेंबभर सौम्य साबण, मऊ फडकं, आणि लेबल कोरडं ठेवायचं. 78 साठी सुईही वेगळी, जाड टोकाची लागते. एलपीची बारीक सुई त्या रुंद खाचेत तळाला घासते. आणि मुंबईचा पावसाळा सगळ्यांचा शत्रू. बुरशी आधी कागदाला लागते, मग खाचेत उतरते. मामा गिरगावच्या खोलीत रेकॉर्ड उभ्याच ठेवतो, भिंतीपासून वीतभर दूर, आणि जून ते सप्टेंबर कपाटात सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहतो.

धोबीतलावजवळ रंगभवनच्या बंद फाटकापाशी मामानं निरोप घेतला. 1978 मध्ये मुंबईत पहिली जॅझ यात्रा, म्हणजे जॅझचा महोत्सव, झाली, अमेरिकन सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स आले, आणि तेव्हा तरी मामाकडे तिकिटाचे पैसे होते.

वाचणाऱ्यांना एक विनंती. गिरगाव, दादर, पुणे, नाशिक, कुठल्याही जुन्या घराच्या माळ्यावर 78 चा गठ्ठा असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी तो एकदा उघडा. अण्णांच्या चाळीस-पन्नासच्या दशकांतल्या तबकड्या वेगळ्या काढा, लेबलवरचा क्रमांक आणि आतल्या पट्टीवरचा मॅट्रिक्स नंबर लिहून घ्या, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. पाकिटावर दुकानाचा शिक्का किंवा कुणाचं नाव असेल तर तेही खोडू नका. आणि घरातल्या कुणाला वादकांची नावं आठवत असतील, तर ती आजच विचारून ठेवा.