केडगाव, नगर, श्रीरामपूर, भंडारदरा: सेवेचा दौरा आणि मुलांची सुट्टी एकाच गाडीत

मे महिन्यात भजन आणि बायबलचं वचन घेऊन मंडळ्यांत (चर्चमध्ये) फिरणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबासाठी हा मार्ग लिहिला आहे. सुरुवात सगळ्यात त्रासाच्या रस्त्यापासून. नगरहून श्रीरामपूरला जाताना फोनवरचा नकाशा राहुरीचा रस्ता दाखवेल. त्याचं ऐकू नका. अंतर कमी दिसतं, वेळही कमी दिसतो, आणि दोन्ही आकडे फसवे आहेत. नगर-मनमाड रस्त्याचं काम वर्षानुवर्षं रखडलेलं आहे. सुरत-नाशिककडून सोलापूरकडे जाणारी अवजड वाहनं याच रस्त्याने जातात, त्यामुळे डागडुजी केली तरी टिकत नाही. राहुरी ते कोल्हार या टप्प्यात एक बाजू खोदलेली आणि दुसऱ्या बाजूने दोन्हीकडची वाहतूक, असं कुठेही समोर येतं. खड्डे मुरमाने बुजवलेले असतात. उन्हात त्या मुरमाचा धुरळा होतो आणि वळवाचा एक पाऊस पडला की राडा. रात्री समोरच्या मालट्रकच्या दिव्यांत खोदलेली कड दिसत नाही आणि तिथे चमकणाऱ्या पट्ट्या असतीलच याची खात्री नाही. लहान मुलं आणि टपावर सामान घेऊन हा रस्ता रात्री धरू नये, माझं मत इतकं स्पष्ट आहे.

जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे. बोलताना सगळे नगरच म्हणतात, म्हणून इथेही तसंच लिहिलं आहे.

पर्याय सोपा आहे. नगरहून संभाजीनगरचा चौपदरी रस्ता धरायचा आणि पांढरीपूल, घोडेगाव, वडाळा बहिरोबा करत नेवासा फाट्याला यायचं. तिथून नेवासा आणि टाकळीभानमार्गे श्रीरामपूर. पंचवीस-तीस किलोमीटर जास्त पडतात, पण मुलांना उलटी होत नाही आणि हार्मोनियमचे सूर जागेवर राहतात. वाटेत वडाळा लागतं. ते ख्रिस्ती मिशनचं जुनं ठाणं, त्यामुळे तिथली सभा याच फेरीत बसते. एवढंच बघा, की शनिवारी आणि अमावस्येला घोडेगावच्या फाट्यावर शिंगणापूरची गर्दी असते. वैशाख अमावस्येला शनिजयंती येते, ती नेमकी आपल्या दौऱ्याच्या दिवसांत. त्या दिवशी पहाटेच पुढे निघून जा.

भजन, वचन आणि मुलांची व्हीबीएस (सुट्टीतली बायबल शाळा) घेऊन मे महिन्यात फिरणाऱ्या कुटुंबासाठी पुण्याहून क्रम असा ठेवावा: केडगाव, नगर, वडाळा, श्रीरामपूर, मग संगमनेरवरून भंडारदरा आणि नारायणगावमार्गे परत. हे वर्तुळ आहे, भंडारदऱ्याकडचा थोडा टप्पा सोडला तर एकच रस्ता दोनदा लागत नाही.

पुण्यातून निघताना वाघोली-शिक्रापूरच्या कोंडीत शिरण्यापेक्षा सोलापूर रस्त्याने चौफुल्याला यावं आणि आत केडगावला वळावं. इथे पहिला गोंधळ होतो. याच मार्गावर केडगाव नावाची दोन ठिकाणं आहेत. एक दौंड तालुक्यातलं, जिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. दुसरं नगर शहराच्या तोंडाशी असलेलं उपनगर. नकाशात नुसतं केडगाव टाकलं तर कुठलंही उघडतं, म्हणून 'दौंड' लिहायला विसरू नका. रेल्वेने येणाऱ्यांनी पुणे-दौंड मार्गावर केडगाव स्टेशनला थांबणारी गाडी बघावी. नगरकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या दौंड जंक्शनला न जाता दौंड कॉर्ड लाईनवर थांबतात. ते स्टेशन वेगळं आहे आणि सामानासह तिथून रिक्षा शोधणं जिकिरीचं होतं.

मुक्तीला आधी पत्र किंवा फोन केल्याशिवाय जाऊ नये. ते महिला आणि मुलांचं राहतं घर आहे, प्रेक्षणीय स्थळ नाही. फोटो विचारूनच काढायचे. मुलांना मात्र तिथे जरूर न्यावं. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी वारल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी केलेलं पवित्र शास्त्राचं (बायबलचं) मराठी भाषांतर त्यांच्यामागे 1924 मध्ये तिथल्याच छापखान्यातून बाहेर पडलं. आपण ज्या भाषेत वचन सांगत फिरतो, तिच्यासाठी एका बाईने किती खस्ता खाल्ल्या हे मुलांना तिथे उभं राहून सांगता येतं. केडगावहून पारगाव, न्हावरे करत शिरूरला निघालं की पुणे-नगर रस्ता पुन्हा मिळतो आणि वाघोलीचा त्रास पूर्ण टळतो.

नगर शहरात 1831 पासून अमेरिकन मराठी मिशनचं काम आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती कीर्तन आणि भजन रुजवलं ते याच भागात. त्यामुळे इथला श्रोता भजनात तरबेज असतो. मागच्या बाकावरची आजीबाई चाल चुकली की मान हलवते. दोन-तीन नव्या गाण्यांपेक्षा टिळकांची चार पदं नीट बसवून न्या.

मे महिन्यात सर्वांत मोठी फसगत होते ती मंडप आणि साउंडच्या भाड्यात. लेंतच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, दिवसांत आपल्याकडे लग्नं लागत नाहीत, म्हणून ईस्टरनंतर सगळी लग्नं मे महिन्यात येऊन कोसळतात. पाळकसाहेबांची (धर्मगुरूंची) तारीख मिळत नाही, हॉल मिळत नाही, आणि साउंडवाला लग्नाचा दर प्रार्थनासभेला लावतो. नगर भागात एका साउंडवाल्याने तोंडी एक दर सांगितला आणि सभा संपल्यावर जनरेटरचं डिझेल, टेम्पोचं भाडं आणि ऑपरेटरची रात्रपाळी असे तीन आकडे त्यावर चढवले. मंडळीसमोर वाद घालता येत नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून आदल्या दिवशीच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या: पूर्ण कार्यक्रमाचा दर, डिझेल धरून की वगळून, वाहतूक कोणाकडे, वीज असेल तर जनरेटरचं भाडं लागणार की नाही. हा व्यवहार यजमान मंडळीच्या सेक्रेटरीने करावा, पाहुण्याने नाही. गावच्या माणसाला लावलेला दर पाहुण्याच्या दरापेक्षा नेहमी कमी असतो.

शंभर-सव्वाशे माणसांच्या अंगणासाठी भाड्याचं काही लागतच नाही. 12 इंची दोन पॉवर्ड स्पीकर, सहा चॅनेलचा मिक्सर, वायरचे तीन माईक आणि दोन स्टँड पुरतात. वायरलेस माईकचे सेल ऐन प्रार्थनेत संपतात, ते घरीच ठेवा. 20 मीटरचं एक्स्टेन्शन, 15 अँपियरवरून 5 वर आणणारा अडॅप्टर आणि एक टेस्टर जवळ ठेवा. गावच्या देवळात (चर्चमध्ये) अर्थिंग बहुतेक नसतं, त्यामुळे स्पीकर घूं करतो आणि माईक ओठांना झिणझिण्या देतो. तसं झालं तर वायर न बदलता आधी सॉकेट बदला आणि सगळी उपकरणं एकाच बोर्डवरून चालवा. तरीही झिणझिण्या थांबल्या नाहीत तर तो माईक वापरू नका, शॉक बसू शकतो. जनरेटरवर विजेचा दाब वरखाली होतो, मिक्सर त्यात पहिला जातो. स्टॅबिलायझरशिवाय जोडू नका.

लाउडस्पीकरसाठी पोलीस ठाण्याची परवानगी यजमानाने घ्यावी आणि तिची प्रत तुमच्याकडे असावी. रात्री 10 नंतर स्पीकर बंद म्हणजे बंद. गावात सभा 7 ची सांगतात आणि शेतावरून माणसं येईपर्यंत साडेआठ होतात, हे धरूनच कार्यक्रम आखा: भजनाला चाळीस मिनिटं, वचनाला तीस, शेवटी वैयक्तिक प्रार्थना स्पीकरशिवाय. सभेनंतर जेवण येतं तेव्हा अकरा वाजलेले असतात. मुलांना सातच्या आत भात-वरण खायला घाला. यजमानबाईंना सकाळीच सांगितलं तर त्या आनंदाने करतात, ऐनवेळी सांगितलं तर त्यांची धांदल होते. मटणाचा आग्रह मोडू नका, पण गाणाऱ्याने त्या रात्री तिखट रस्सा टाळलेला बरा. दुसऱ्या दिवशी घसा बसतो.

मेच्या उन्हात बंद गाडीत वाद्यं ठेवणं म्हणजे ती भट्टीत घालणं. हार्मोनियमच्या जोडांचा सरस सुटतो आणि पट्ट्या वर राहायला लागतात. भाता अडकवून, सगळे स्टॉप आत ढकलून, गोधडीत गुंडाळून पेटी मधल्या सीटच्या पायाशी ठेवावी. टपावर कधीच नाही. कोरड्या उन्हात तबल्याचा सूर चढतो आणि शाई तडकते. उतरल्यावर आधी तबला सावलीत ठेवा, तासभर थांबा, मगच हातोडी उचला. टपावर कपड्यांच्या बॅगा आणि अंथरुणं, तीही गाडीच्या पुस्तिकेत छताचा जो भार दिला असेल त्याच्या आत. कॅरियरचे नट रोज सकाळी पान्याने तपासा. खराब रस्त्यावर ते सुटतातच. टायरमध्ये हवा दारावरच्या पट्टीवर भरलेल्या गाडीसाठी जो आकडा असतो तेवढी, आणि तीही पहाटे टायर गार असताना भरायची.

गाडी भाड्याची असेल तर पिवळ्या पाटीचीच घ्या. पांढऱ्या पाटीची ओळखीची गाडी पैसे देऊन नेली आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. फास्टॅगचा वार्षिक पास (2025 मध्ये तो 3000 रुपयांना सुरू झाला) घरच्या गाडीला परवडतो, पण तो राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यांवरच चालतो. राज्याच्या नाक्यांवर नेहमीसारखेच पैसे कापले जातात, म्हणून खात्यात रक्कम ठेवा.

अर्पणात पैशाबरोबर धान्य येतं आणि या दिवसांत उन्हाळी कांदाही. नाही म्हणू नका, देणाऱ्याचं मन दुखतं. गाडीत पन्नास किलोची जागा रिकामी ठेवूनच निघा. कांद्याची गोणी पेटीजवळ ठेवू नका, उकाड्यात ती पाणी सोडते.

श्रीरामपूरला पाहुणे बोलावणार असाल तर त्यांना स्टेशनचं नाव स्पष्ट सांगा. श्रीरामपूरचं रेल्वे स्टेशन बेलापूर या नावाने आहे, दौंड-मनमाड मार्गावर. मुंबईचा माणूस बेलापूर ऐकून नवी मुंबईत उतरतो.

आता सुट्टीबद्दल, कारण दौऱ्यात सगळ्यात आधी बळी तिचाच जातो. भंडारदऱ्याची खोली दौऱ्याच्या तारखा देण्याआधी आगाऊ पैसे भरून पक्की करा. पैसे अडकलेले असतील तरच 'आमच्याकडे फक्त एक संध्याकाळ द्या' या प्रेमळ विनंतीला नाही म्हणता येतं. कुठे उतरणार हे कोणत्याही मंडळीत सांगू नका. सांगितलंत तर दुसऱ्या दिवशी राजूर-अकोले भागात घरगुती प्रार्थना ठरलेली असेल आणि तुमची मुलगी पुन्हा खंजिरी घेऊन बसेल. वर्षभर ही मुलं सभेत टाळ्या वाजवतात, चटया उचलतात, अनोळखी घरात झोपतात. त्यांचे हे दिवस कोणाच्याही आग्रहाखातर देऊ नयेत.

श्रीरामपूरहून बाभळेश्वर, लोणी, संगमनेर असा रस्ता आहे. नगर-मनमाड रस्ता बाभळेश्वरला फक्त ओलांडायचा. पुढे अकोले, राजूर, शेंडी. भंडारदऱ्यात पाणी, सावली, रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर, सगळं ठीक आहे, जास्त लिहिण्यासारखं नाही.

लिहायला हवं ते तंबूंच्या दरांबद्दल. मेअखेरपासून पाऊस लागेपर्यंत काजवे असतात आणि शनिवार-रविवारी दर वाटेल तसे चढतात. सेवेतल्या कुटुंबाला रविवारी उपासना असतेच, तेव्हा सोमवार ते गुरुवार जा. तेच तंबू स्वस्तात मिळतात आणि काजवे दिसायला काळोखही मिळतो. दर माणशी सांगतात, म्हणून विचारून घ्या: मुलाचं पूर्ण तिकीट कितव्या वर्षापासून, जेवण किती वेळा, शौचालय किती तंबूंत एक. अभयारण्यात जाण्याचं शुल्क वनखात्याच्या नाक्यावर स्वतः भरा आणि पावती घ्या. तंबूवाला 'आमच्यात धरलंय' म्हणाला तर पावती दाखवायला सांगा. रात्री गाड्या किती वाजेपर्यंत सोडतात तेही त्याच नाक्यावर विचारा, तंबूवाल्याला नाही. काजव्यांच्या झाडाखाली टॉर्च आणि गाडीचे दिवे दोन्ही बंद ठेवायचे असतात.