सेव्हन्थ कॉर्ड धरण्याआधी राग बघा

गणपती जवळ आले की कोल्हापुरात ऑर्केस्ट्राच्या तालमी रंगतात आणि कीबोर्डवाला ओळ संपली की डोमिनंट सेव्हन्थ, म्हणजे चार स्वर एकदम दाबायची एक कॉर्ड, लावून मोकळा होतो. एका गाण्यात ती झकास बसते, दुसऱ्यात चाल बिघडवते.

सा पांढरी एक (सी) असेल तर ही कॉर्ड म्हणजे जी सेव्हन: प, नि, वरचा रे, वरचा म. पंचमापासून काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या धरून 4, मग 3, मग 3 पुढे जायचं. सा काळी एक असेल तर काळी चार, पांढरी एक, काळी दोन, काळी तीन.

या कॉर्डची खरी ओढ आहे ती शुद्ध नि आणि शुद्ध म यांच्यात. दोघांत 6 अर्धस्वरांचं, म्हणजे 6 पट्ट्यांचं अंतर, ते कानाला स्वस्थ बसू देत नाही. नि सा-कडे चढतो, म ग-वर उतरतो. रे गाळला तरी काही बिघडत नाही. पेटीवर तर गाळाच, डावा हात भात्यावर असतो. उजव्या हाताने प-नि-म धरा, प तसाच दाबून ठेवा, नि-चा सा आणि म-चा ग करा. दोनच बोटं हलतात. कीबोर्डवर डाव्या हातात नि परत घेऊ नका, तो टोचतो.

आता राग. भूपात म आणि नि दोन्ही वर्ज्य, म्हणजे कॉर्डचा जीवच रागाबाहेरचा. जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांची गायकी ऐकलेल्या या गावात भूपातला मध्यम लपत नाही. तिथे नुसते प-रे धरा. यमनात म तीव्र, त्यामुळे रागातलेच स्वर घेतले तर मेजर सेव्हन्थ (प-नि-रे-तीव्र म) होते, आणि ती अशी ओढत नाही. शुद्ध म घुसवला की यमन संपला. आसावरीत नि कोमल, तिथे मायनर सेव्हन्थ (प-कोमल नि-रे-म) येते, तीही ढिलीच. किरवाणीत मात्र नि शुद्ध, म शुद्ध. कॉर्ड बिनधास्त लावा.

खमाजात गंमत आहे. सा-ग-प-कोमल नि हीसुद्धा डोमिनंट सेव्हन्थच, पण ती मध्यमाकडे ओढते. जास्त वेळ धरली तर ऐकणाऱ्याला म-च सा वाटायला लागतो आणि गायक गोंधळतो.

इलेक्ट्रॉनिक तानपुरा चालू असेल तर त्याचा सा आणि कॉर्डचा नि घासतात. कॉर्ड एखादी मात्राच धरा, नाहीतर तानपुरा बंद करा.