एकच गाऊन, चर्चमध्ये वेगळा आणि मांडवात वेगळा: माझा अनुभव

आमच्या वसईत ख्रिस्ती लग्नांचा हंगाम नाताळ उरकला की सुरू होतो आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला की थांबतो. मग थेट ईस्टरनंतर. माझं लग्न जानेवारीतलं. दुपारी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, आणि लग्नविधी, संध्याकाळी वाडीतच मांडव, बँड, जेवण आणि रात्री उशिरापर्यंत नाच. आजीचं लग्न लाल लुगड्यात झालं, आईचं पांढऱ्या साडीत. मला मात्र गाऊनच हवा होता, तोही लांब ट्रेनचा, म्हणजे मागे जमिनीवर लोळणाऱ्या घेराचा.

अडचण अशी की आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, वधूचे खांदे आणि पाठ झाकलेली असावी, असं लग्नाच्या तयारीच्या वेळीच सांगतात. मलाही वेदीपुढे तसंच उभं राहायचं होतं. पण तीच ट्रेन आणि त्याच लांब बाह्या घेऊन मांडवात नाचायचं कसं? काही मुली दोन गाऊन घेतात. ते परवडलंही नसतं आणि मनाला पटलंही नसतं. म्हणून काढता-घालता येणारा गाऊन शोधायचं ठरवलं. बाह्या वेगळ्या, वरचा घेरदार स्कर्ट वेगळा आणि आत सुटसुटीत गाऊन.

माझी मावशी मुलींच्या पहिल्या कम्युनियनच्या विधीचे फ्रॉक शिवते. तिला हे आजकालचं फॅड वाटलं. मी तिला प्रियांका चोप्राच्या 2018 च्या जोधपूरच्या लग्नाचे फोटो दाखवले. तो उंच गळ्याचा, पूर्ण भरतकामाचा पोशाख म्हणजे वरून घातलेला कोट होता आणि आत बिनबाह्यांचा सरळ गाऊन. आणि कल्पना तर त्याहून खूप जुनी. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत बायका एकाच स्कर्टवर दोन चोळ्या शिवून घेत, दिवसा घालायला बंद गळ्याची, लांब बाह्यांची आणि संध्याकाळसाठी उघड्या गळ्याची. नवऱ्यामुलीही चर्चमधला स्कर्ट पुढे मेजवान्यांना दुसऱ्या चोळीवर घालत. हे ऐकल्यावर मावशी म्हणाली, "म्हणजे परकर एक आणि पोलकी दोन. मग चल, मीच बघते कुठे काय शिवलंय ते."

वांद्र्याच्या हिल रोडपासून सुरुवात केली. दुकानात गाऊन दाखवतात तो सगळे तुकडे लावून, आणि तसा तो सुंदरच दिसतो. मावशीने पहिल्याच दुकानात सांगितलं, "आधी सगळं काढून दाखवा." माझ्या मते या खरेदीतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. वरचा स्कर्ट काढल्यावर कितीतरी गाऊन उघडे पडतात. कमरेला हुकांची रांग दिसते, खालचं कापड साधं अस्तराचं असतं, घेर नको तिथे चिकटतो. संध्याकाळभर लोक जो बघणार तो आतला गाऊन. तो एकटा घातल्यावर मन भरलं नाही, तर वर कितीही लेस लावा, घेऊ नये.

दुसरं म्हणजे जोड. बाह्या आणि स्कर्ट कशाने बसवलेत हे आतून उलटं करून बघायचं. एका ठिकाणी स्कर्टला वेल्क्रो होतं. ते नेटच्या कापडात अडकत होतं आणि सोडवताना असा चर्र आवाज आला की मी तिथेच नाही म्हटलं. टिच बटणं बाह्यांना चालतात, पण जड स्कर्टला नाही. बसताना ताण आला की सुटतात. स्कर्टला आतून कमरेवर घट्ट बसणारी रुंद पट्टी हवी, तिला मोठे हुक, आणि वरून सॅटिनचा बेल्ट, म्हणजे जोड झाकला जातो. स्कर्टचं वजन त्या पट्टीवर, म्हणजे कमरेवर पडलं पाहिजे. ते गाऊनच्या वरच्या भागावर आलं तर गळा दर दहा मिनिटांनी खाली ओढला जातो. बाह्यांना मला कापडी बटणं आणि दोऱ्याचे लूप आवडले, कारण बाही काढल्यावर काखेपाशी राहिलेले बारीक लूप कुणाला दिसत नाहीत.

रंगाचंही तसंच. दुकानातल्या पिवळट दिव्यांखाली बाह्या आणि गाऊन एकसारखे वाटले. मावशीने दोन्ही दारात उन्हात नेले, तर बाह्यांची आयव्हरी जरा गुलाबीकडे झुकलेली. वेगवेगळ्या ताग्यांतलं कापड असलं की असं होतं, आणि फोटोत ते लपत नाही.

शेवटी जो घेतला तो दिसायला सगळ्यात साधा होता. ट्रायलला मी त्यात गुडघे टेकले, खुर्चीवर बसले, जिना चढले, हात वर करून नाचले. बाह्या खांद्यावर ओढत होत्या, म्हणून मावशीने काखेत छोटी चौकोनी कळी घालून दिली. त्या चार बोटांच्या कापडाने मला वेदीपुढे हात मोकळेपणी हलवता आले. पायात लग्नात घालायच्याच सँडल ठेवल्या होत्या, नाहीतर उंची चुकते. मग करवलीला, म्हणजे माझ्या मामेबहिणीला, स्कर्ट काढायला आणि घालायला लावला. गाऊन पाठीमागून बांधायचा असतो, त्यामुळे हे काम नवरीला स्वतःला जमत नाही. तिचा हात बसेपर्यंत आम्ही घरी सराव केला.

लग्नाच्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवरचे घरच्यांसोबतचे फोटो पूर्ण पोशाखातच काढून घेतले, कारण एकदा स्कर्ट उतरला की पुन्हा इस्त्रीशिवाय तसा बसत नाही. घरी येऊन आजीच्या खोलीत स्कर्ट आणि बाह्या काढल्या, सुती चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवल्या. मांडवात शिरताना बँड सुरू झाला आणि मी पहिल्या गाण्यापासून नाचले. आत्या जवळ येऊन म्हणाली, "दुसरा गाऊन कधी घेतलास गं?" मला इतका आनंद झाला!

लग्नानंतर सगळे तुकडे लगेच ड्राय क्लीनिंगला दिले. केक आणि सरबताचे साखरेचे डाग सुकल्यावर दिसत नाहीत, पण काही महिन्यांनी तपकिरी होऊन वर येतात, म्हणून कुठे काय सांडलं ते आधीच सांगून ठेवलं. बाह्या मी ठेवून घेतल्यात. वरच्या स्कर्टचं सॅटिन मात्र मावशीकडे गेलंय. बहिणीच्या बाळाचा बाप्तिस्मा पावसाळ्यानंतर आहे आणि झबल्याचं माप तिने घेतलंसुद्धा.