पाऊण तासाची सुट्टी आणि खारघरचे नवे गाडे

बेलापूरहून मेट्रोत बसलं की उत्सव चौक चौथं स्टेशन. बेलापूर ते पेंधर ही अकरा स्टेशनांची लाइन १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली. त्याआधी खारघर रेल्वे स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहण्यातच निम्मी भूक मरायची. आता गाडीत बसल्यावर दहा-पंधरा मिनिटांत माणूस चौकात उतरतो. तिथून सेक्टर ४ चा कॉलेजांचा पट्टा चालत गाठता येतो: निफ्ट, आयटीएम, ए. सी. पाटील इंजिनीअरिंग. सेक्टर ५ मध्ये सरस्वती, आणि एक स्टेशन अलीकडे बेलपाड्याला भारती विद्यापीठ. एवढ्या सगळ्यांची जेवणाची सुट्टी साधारण एकाच सुमाराला होते.

या पट्ट्यात दर जूनला नव्या पाट्या लागतात आणि त्यातल्या बऱ्याच पुढच्या जूनपर्यंत टिकत नाहीत. त्यामुळे दुकानांच्या नावांची यादी देऊन उपयोग नाही, चार महिन्यांत ती शिळी होईल. गाडा नवा असो की जुना, पाऊण तासात शंभर पोरं अंगावर आली की मालकाचा हात कुठे घाई करतो, ते बघायचं. घाईची जागा प्रत्येक पदार्थात वेगळी असते. म्हणून आम्ही एकेका ठिकाणी दोनदा गेलो: एकदा पाऊण वाजता आणि एकदा साडेतीनला. गर्दीत खाल्लेलं आणि निवांतपणी खाल्लेलं सारखं लागलं, तर ते दुकान चांगलं.

सुरुवात वडापावपासून, कारण तिथे चूक लपत नाही. बटाटेवडा १७५ ते १८० अंशांच्या तेलात तळायचा असतो. पाच लिटरच्या कढईत एका घाण्याला बारा, फार तर पंधरा वडे. रांग वाढली की कढईत पंचवीस पडतात, तेल दीडशेपर्यंत उतरतं आणि वडा तळला जाण्याऐवजी तेल पितो. हे ओळखायला थर्मामीटर लागत नाही. वडा टाकल्यावर तळाशी जाऊन लगेच वर आला आणि भोवती बारीक बुडबुड्यांचं कडं उठलं, तर तेल बरोबर. तळाशी रेंगाळला, तर त्या घाण्यातला वडा घ्यायचा नाही, पुढच्यासाठी थांबायचं. वडा मधून फोडून बघावा. बेसनाच्या कवचाच्या आतल्या बाजूला पिवळा चिकट थर दिसला, तर पीठ जाड होतं किंवा घाई झाली. वडा फुटून सारण तेलात सांडत असेल, तर बहुतेक वेळा बटाटा गरम असतानाच गोळे वळलेले असतात. आतली वाफ कवच फाडते. सारण निवायला तास-दीड तास लागतो. नव्या गाड्यांना हे पहिल्या महिन्यात कळत नाही, मग ते पिठात सोडा वाढवतात. वडा फुगतो खरा, पण तेलकट आणि लालसर होतो.

तेलाचा फेस मात्र साडेतीनला बघावा. वडे काढल्यावरही कढईत फेस बसत नसेल, कडेला काळपट चिकटा दिसत असेल आणि धूर डोळ्यांना झोंबत असेल, तर तेल संपलेलं आहे. तळणीच्या तेलातली टोटल पोलर कम्पाउंड्स, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापून तयार होणारी खराब द्रव्यं, २५ टक्क्यांच्या वर गेली की ते वापरायचं नाही, हा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. गाड्यावर ते मोजायचं यंत्र नसतं, नाक असतं. आणि वडा वर्तमानपत्रात दिला तर सरळ ‘ताटलीत द्या’ म्हणावं. गरम तेलकट पदार्थाला छपाईची शाई लागते, आणि अन्न वर्तमानपत्रात बांधायला मनाईही आहे. नव्या गाड्यांपैकी बरेच जण आता पांढरा कागद वापरतात. हा बदल मनापासून आवडला.

चौकातून आत वळल्यावर डोशाचे नवे तवे दिसतात. बटर, चीज, शेजवान, पनीर, पिझ्झा डोसा अशा चाळीस प्रकारांचा फलक लावलेला असतो. फलक वाचण्यात वेळ घालवू नये. आधी साधा डोसा मागवावा, कारण तिथे पीठ उघडं पडतं. तीन किंवा चार वाट्या तांदळाला एक वाटी उडीद, चमचाभर मेथी. उन्हाळ्यात हे पीठ सहा-सात तासांत फुगतं, पण पावसाळी गारव्यात बारा तासही लागतात. दुकान नवं, तयारी सकाळची आणि पाऊस जोरात, की पीठ येत नाही. मग इनो किंवा सोडा पडतो. सोड्याचा डोसा तव्यावर डागाडागांनी भराभर लाल होतो, दिसतो झकास, पण पहिल्या घासाला जिभेवर साबणासारखी चव येते. जास्त बटर मागितलंत तर ती झाकली जाते, म्हणूनच बटर डोसा सगळ्यात खपतो की काय, अशी शंका आहे.

घाई दिसते ती तव्यावर. एका डोशानंतर पाण्याचा शिपका मारून, फडक्यानं पुसून तवा थोडा निववायचा असतो. पाणी पडताच चुर्र होऊन लगेच उडालं पाहिजे, पण थेंब मोत्यासारखे घरंगळत असतील तर तवा फार तापला आहे. तशा तव्यावर पीठ पसरत नाही, वाटीला चिकटून गोळा होतं. मग मध्ये जाड, कडेला जळका असा डोसा हातात येतो. या पट्ट्यात एका ठिकाणी दोन तवे आळीपाळीनं चालवतात, एकावर डोसा असताना दुसरा निवतो. पाऊण वाजताही तिथला डोसा शेवटपर्यंत कुरकुरीत होता. चटणी पातळ होती, पण तेवढं चालतं.

चायनीजच्या गाड्यांवर थोडं थांबायला हवं, कारण इथे चूक चवीची नसते, पोटाची असते. फ्राइड राइसचा भात आधी शिजवून निववावाच लागतो. गरम भात कढईत टाकला की त्याचा गिचका होतो. पण निववणं म्हणजे पातेल्यात झाकून संध्याकाळपर्यंत ओट्याखाली ठेवणं नव्हे. शिजलेल्या भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू उकळूनही जिवंत राहतात. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यांचं एक विष असं असतं की मोठ्या आचेवर परतूनही ते जात नाही. दोन तासांच्या वर बाहेर राहिलेला भात धोक्याचा. चांगला गाडेवाला भात थाळ्यांत पातळ पसरतो आणि निवल्यावर फ्रिजमध्ये टाकतो. म्हणून गाड्यामागे फ्रिज आहे का ते बघायचं. नसेल तर राइस सोडून नूडल्स किंवा सूप घ्यावं. ट्रिपल शेजवान म्हणजे भात, नूडल्स, वर तळलेल्या नूडल्स आणि बाजूला ग्रेव्ही. ते दोघांना पुरतं, एकट्यानं मागवायच्या भानगडीत पडू नये. शेजवान चटणीनं बोटं धुतल्यावरही गुलाबी राहत असतील, तर तो रंग मिरचीचा नाही.

चायनीज भेळ इथे अमाप खपते. ती कालवल्यापासून पाच मिनिटांत संपवायची, नाहीतर तळलेल्या नूडल्स सादळतात. पार्सल तर घेऊच नये.

शोरमा. घाईचा सगळ्यात मोठा धोका इथे आहे. उभ्या सळईवर चिकनचे थर असतात, आच बाहेरून लागते, म्हणून फक्त बाहेरचा शिजलेला पापुद्रा तासून घ्यायचा. तो तासल्यावर आतला थर शिजायला वेळ द्यावा लागतो. रांग लागली की सुरी खोल जाते आणि कच्चट गुलाबी तुकडे पावात येतात. चांगल्या ठिकाणी तासलेलं चिकन पुन्हा तव्यावर दोन मिनिटं परततात, आमच्या लेखी तोच एकमेव निकष. संध्याकाळी उरलेली सळई फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी परत लावणारे असतात. दुपारी बाराला सळईचा खालचा भाग कोरडा, काळपट दिसला तर ती कालची आहे. मे २०२४ मध्ये इथून हार्बर लाइनवर पुढे मानखुर्दला शोरमा खाऊन विषबाधा झाली आणि एका तरुणाचा जीव गेला. मेयोनीजचंही तसंच. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर तेलंगणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूनं एप्रिल २०२५ मध्ये वर्षभरासाठी बंदी घातली होती. ‘मेयो पाकिटातलं की इथे केलेलं?’ असं विचारण्यात लाज कसली? पाकिटातलं, बिनअंड्याचं आणि फ्रिजमधून काढलेलं असेल तरच खावं.

मोमोंबद्दल थोडक्यात: भांड्याचं झाकण उघडल्यावर वाफेचा लोट आला पाहिजे. सकाळी वाफवून ठेवलेले मोमो दुपारी परत गरम केले की पारीच्या कडा कडक होतात आणि तळ भांड्याला चिकटून फाटतो.

फ्रँकीवाल्यांकडे घाई थंड सारणात दिसते. पोळी गरम आणि आतला बटाटा गार.

कॉलेजच्या पट्ट्यातून केंद्रीय विहारच्या पुढे खारघर गावाकडे गेलं की सूर बदलतो. पत्ता नवी मुंबईचा, पण जिल्हा रायगड आणि महापालिका पनवेलची. गावातलं जुनं खाणं आगरी. तांदळाची भाकरी, सुकट, जवळा, वाटणाचा झणझणीत रस्सा. भाकरी गरम असेल तरच मागवा, निवल्यावर ती चामडं होते. पावसाच्या तोंडावर बाजारात आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात. खोलीवर शेगडी असलेल्या पोरांनी टाकळा आणि कुर्डू जरूर न्यावा. शेवळं मात्र काकडांशिवाय, म्हणजे सोबत घालायच्या आंबट रानफळांशिवाय करू नयेत, घसा खाजून जीव नकोसा होतो.

आता मेस, म्हणजे ज्यात सगळ्यात जास्त पैसे अडकतात. बाहेरगावहून आलेल्या मुलांसाठी दर जूनला नव्या खानावळी उघडतात. चार पोळ्या, एक सुकी, एक रस्सा, वरण, भात. पहिल्या आठवड्यात जेवण सगळीकडेच सुरेख असतं. कूपन घेण्याआधी चव बघायची असेल तर गुरुवार-शुक्रवारी रात्री जावं, सोमवारी दुपारी नको. रात्रीच्या वरणाला नव्या फोडणीखाली दुपारचा वास येतो का ते कळतं. पोळी निवल्यावर वाकते की तुटते ते बघा. तुटली तर कणीक पुरती मुरलेली नाही. घाईत कणीक मळून लगेच लाटली की असं होतं, निदान वीस मिनिटं झाकून ठेवायची असते.

पैशांचं बोलणं आधी करावं. न वापरलेलं कूपन पुढच्या महिन्यात चालतं का, रविवारी रात्री बंद असतं का, गावी गेलेले दिवस वजा होतात का, आणि कूपन मित्राला देता येतं का. ही चार उत्तरं कागदावर किंवा व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावीत. तीन महिन्यांचे एकदम दिले तर सूट मिळते, पण ती घेऊ नये. एप्रिलच्या परीक्षा संपल्या की पट्टा ओस पडतो, भाडं मात्र बाराही महिने चालू. दहा महिन्यांच्या धंद्यावर बारा महिन्यांचं भाडं बसवणं ज्यांना जमत नाही, त्यांचं शटर बहुतेक मे महिन्यात खाली येतं. तुमचे आगाऊ पैसे तेव्हा त्या शटरमागे असतात.

गल्ल्यामागे भिंतीवर एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर असतो. पहिला आकडा २ असेल तर छोट्या धंद्याची नोंदणी, १ असेल तर परवाना. नंबर नसेल तर विचारावं. पोट बिघडल्याची तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे १८००२२२३६५ या टोल-फ्री नंबरवर करता येते. बिल किंवा यूपीआयचा मेसेज, तारीख आणि वेळ हाताशी ठेवा.

साडेसहाला चौकात परत आलो तेव्हा पाऊस थांबला होता आणि निळ्या ताडपत्र्यांवरून पाणी गळत होतं. दोन तव्यांच्या त्याच ठिकाणाहून एक साधा डोसा बांधून घेतला. डोसा पार्सल घेताना दोन मिनिटं कागदावर उघडा ठेवायला सांगावं, वाफ निघू द्यावी, मग गुंडाळावं आणि डब्याचं झाकण घट्ट लावू नये. चटणी-सांबार वेगळ्या पिशवीत. मेट्रोत डबा उघडायची परवानगी नाही. बेलापूरला उतरून प्लॅटफॉर्मबाहेर कागद सोडला तेव्हा मधला भाग मऊ पडला होता, कडा अजून मोडत होत्या.