मामाचा गॅस

मागच्या महिन्यात एका सकाळी मामाच्या पोटात एकदम सुरी खुपसल्यासारखं दुखायला लागलं. घरात सगळ्यांचं एकच, गॅस झालाय. ओवा झाला, सोडा झाला, मामीने हिंग पण लावून झालं. दुपारी त्याला जरा बरं वाटलं म्हणून आम्ही निवांत, आणि तिथेच फसलो. नंतर कळलं की यात मधे काही तास दुखणं कमी वाटू शकतं, आतलं काम मात्र चालूच असतं.

संध्याकाळी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून रिक्षाने निघालो तर प्रत्येक स्पीडब्रेकरला मामा दांडा घट्ट धरून श्वास रोखायचा. डॉक्टरने पोटाला हात लावला, लाकडासारखं कडक. उभं करून छातीचा एक्सरे काढला आणि दाखवला, छाती-पोटामधल्या पडद्याखाली काळी बारीक चंद्रकोर. म्हणजे गॅस होता हो, फक्त आतड्याच्या बाहेर निघालेला! जठराच्या लगेच पुढे, ड्युओडेनमला म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीला, अल्सर फुटून भोक पडलं होतं.

डॉक्टरने विचारलं गोळ्या काय घेता, तर मामा म्हणे काही नाही. मामीने शर्टाच्या खिशातून गुडघ्याच्या पेनकिलरची स्ट्रिप काढली, दहातल्या दोन उरलेल्या. मेडिकलमधून आणून सहा महिने, तेही उपाशीपोटी. या गोळ्यांनी जठराचं ऍसिडपासूनचं संरक्षणच कमी होतं. दुसरा संशयित एच पायलोरी नावाचा जंतू, त्याची टेस्ट झाली, पॉझिटिव्ह. मामी अजून मिसळीलाच शिव्या देते, पण ऑस्ट्रेलियाच्या डॉक्टर बॅरी मार्शलने अल्सर जंतूमुळे होतो हे पटवायला तो जंतू स्वतः पिऊन दाखवला होता आणि 2005 चं नोबेल त्याला नि रॉबिन वॉरेनला मिळालं.

ऑपरेशनमध्ये पोटातल्याच चरबीच्या पदराचा तुकडा भोकावर ठेवून टाके घातले आणि सगळं पोट सलाईनने धुतलं. भोक बुजवणं त्यामानाने सोपं, खरी भीती आत पसरलेल्या इन्फेक्शनची, ते रक्तात गेलं की किडनी, बीपी सगळंच घसरतं, म्हणून डॉक्टर सारखं किती वाजता दुखायला लागलं तेच विचारत होते.

शेजारच्या बेडवर कळव्याचा एक पोरगा होता, टायफॉइडच्या तिसऱ्या आठवड्यात लहान आतड्याच्या शेवटाला भोक पडलेलं, आणि दुखायला लागल्यावर तीन दिवसांनी आणलेला. त्याच्या आतड्याचं तोंड पोटावर काढून पिशवी लावली होती. मामाला नवव्या दिवशी घरी सोडलं, तेव्हा तो पोरगा परत आयसीयूत होता.