तारकर्ली-देवबाग, चैत्र पौर्णिमा ते तृतीया: लाटा, वारा आणि भरती

चार दिवसांतला सगळ्यात मोठा समुद्र सगळ्यात शांत सकाळी होता. वद्य द्वितीयेला साडेसहाला तारकर्लीच्या पुळणीवर वारा जवळजवळ नव्हता, आकाशात ढग नव्हता, पाणी तेलासारखं गुळगुळीत. तरीही दर दहा-बारा मिनिटांनी चार-पाच लाटांचा घोळका येऊन छातीएवढ्या उंचीवर फुटत होता आणि मधल्या वेळात समुद्र तळ्यासारखा पडून होता. एप्रिल-मेमध्ये इथे येणाऱ्यांनी ही सकाळ ओळखायला शिकावी. लाटांवर सर्फबोर्ड चालवणाऱ्या बोर्डवाल्यांसाठी ती महिन्यातली सर्वोत्तम असते आणि पोरांना घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरणाऱ्यांसाठी सगळ्यात फसवी.

आदल्या रात्री अंदाजात लाटांची उंची एक मीटरच दाखवत होती, पौर्णिमेच्या दिवशी होती तेवढीच. बदलला होता तो पीरियड, म्हणजे एका लाटेच्या माथ्यापासून पुढच्या लाटेच्या माथ्यापर्यंतचे सेकंद. पौर्णिमेला तो ६-७ होता, द्वितीयेला १५ च्या आसपास गेला. लाटेत येणारी ताकद उंचीच्या वर्गाला पीरियडने गुणून मोजतात. त्यामुळे उंची तीच राहून पीरियड ६ चा १५ झाला, तर किनाऱ्यावर आदळणारी ताकद अडीच पट होते. शिवाय लांब पीरियडची लाट उथळ पाण्यात आली की जास्त उंचावते. एक मीटरची लाट फुटताना सहज दीड मीटरची दिसते. अंदाजातली उंची ही सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते हेही लक्षात ठेवा. अधूनमधून एखादी लाट त्याच्या जवळजवळ दुप्पट येते, आणि येणारच.

या लाटा इथल्या वाऱ्याच्या नसतात. दक्षिण हिंदी महासागरात, ३० अंश दक्षिणेच्याही खाली वादळं उठतात. त्यांची लाट, म्हणजे स्वेल, हजारो किलोमीटर ओलांडून येते. १५ सेकंदांची लाट खोल समुद्रात ताशी सुमारे ४२ किलोमीटर, म्हणजे दिवसाला हजार किलोमीटर कापते. तिथून मालवणपर्यंत पाच-सहा दिवस. सगळ्यात लांब पीरियडच्या लाटा आधी पोचतात, म्हणून पहिल्या दिवशी उंची किरकोळ आणि पीरियड १७-१८ असं दिसलं तर खरा माल मागून येतोय असं समजा. केरळात याला ‘कल्लक्कडल’ म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था त्याचे वेगळे इशारे काढते. ४ आणि ५ मे २०२४ ला असा इशारा मुंबईच्या किनाऱ्यालाही होता. हवामान विभागाचा पावसा-वाऱ्याचा रंगीत इशारा हिरवा असताना इन्कॉइसचा लाटांचा इशारा लागलेला असू शकतो. दोन्ही वेगवेगळे बघायचे असतात. बहुतेक लोक फक्त पहिला बघतात.

आता दिवसांची नोंद.

पौर्णिमेला पूर्ण भरती सकाळी अकराच्या सुमारास, सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, संध्याकाळी पाचला. सकाळी वाऱ्याच्या छोट्या, विस्कळीत लाटा, गुडघा ते मांडीएवढ्या. नवख्याला फेसात बोर्डवर उभं राहायला शिकायला ठीक, बाकी काही नाही. साडेदहानंतर वायव्येचा वारा लागला, बारापर्यंत पांढरे घोडे, म्हणजे फेसाळ माथ्यांच्या लाटा, दिसू लागले आणि दिवस संपला.

प्रतिपदेला तेच चित्र, फक्त सगळं पाऊण-एक तास पुढे. संध्याकाळी वारा पडल्यावर क्षितिजापर्यंत लांब, रुंद पट्टे दिसायला लागले. दुर्बीण नसली तरी सूर्य खाली आल्यावर ते स्पष्ट कळतात. स्वेल पोचल्याची पहिली खूण हीच.

द्वितीयेचं वर आलंच आहे. साडेसहा ते साडेनऊ उत्तम. दहानंतर पाणी बरंच चढलं आणि लाट बाहेर न फुटता थेट वरच्या, उभ्या उताराच्या वाळूवर आपटू लागली. अशा लाटेवर बोर्ड चालत नाही, आणि नुसतं उभं राहणाऱ्याची मान-खांदा वाळूवर आपटून दुखावण्याचे प्रकार याच वेळेत होतात. तृतीयेला पीरियड १३ वर उतरला, घोळके जास्त वेळा पण लहान. शिकाऊ मंडळींना खरं तर हा दिवस जास्त चांगला.

लाट साधारण आपल्या उंचीच्या सव्वापट खोलीवर फुटते. एक मीटरची लाट सव्वा-दीड मीटर पाण्यात. तारकर्लीला सुकतीला पाणी बाहेरच्या सौम्य उताराच्या वाळूवर असतं, लाट दूर फुटते आणि लांब लोळत येते. भरतीला तीच लाट किनाऱ्याशी येऊन कोसळते. म्हणून इथे बोर्डासाठी सुकतीनंतरचे पहिले दोन ते चार तास धरा, आणि ते तास सकाळी नऊच्या आत येतात का ते बघूनच तारीख ठरवा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सुकती पहाटे पाच ते सात येते, म्हणजे हिशोब जुळतो. अष्टमीच्या सुमारास सकाळी सहाला भरती असते. त्या दिवसांत सकाळी वारा चांगला, पण पाणी वाईट.

भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशोब अजून चालतो. तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकरा. मालवणकडे भरती मुंबईच्या आधी लागते, त्यामुळे मुंबईचं कोष्टक इथे जसंच्या तसं वापरू नका. पुढची भरती १२ तास २५ मिनिटांनी, आणि रोज सगळं साधारण ५० मिनिटं पुढे सरकतं. उधाणाचा जोर पौर्णिमेलाच नाही, तर नंतर एक-दोन दिवसांनी जास्त असतो. उधाणाला इथे पाणी साधारण दोन मीटर चढतं-उतरतं, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी चढ-उताराच्या भरतीला त्याच्या निम्म्यापर्यंत.

देवबागचं संगम-मुख हा वेगळा विषय आहे, आणि जास्त काळजीचा. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी असलेली चिंचोळी वाळूची पट्टी. टोकाला नदी समुद्राला मिळते. तिथला धोका हवामानावर नाही, घड्याळावर ठरतो. ओहोटीत पाणी सहा तास सारख्या वेगाने उतरत नाही: पहिल्या तासात एकूण उताराचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. दोन मीटरच्या उधाणात मधल्या दोन तासांत दर तासाला अर्धा मीटर पाणी उतरतं, आणि खाडीत साठलेलं ते सगळं पाणी त्या एकाच तोंडातून बाहेर पडतं. पौर्णिमेला हे तास दुपारी एक ते तीन आले. म्हणजे जेवून लोक संगमावर येतात तेच तास. त्यात दुपारचा वायव्येचा वारा बाहेर जाणाऱ्या प्रवाहाच्या समोरून येतो. वारा आणि प्रवाह समोरासमोर आले की लाट उभी आणि आखूड होते, आणि मुखाच्या वाळूवर ती कुठेही फुटते. छोटी होडी आडवी झाली की पाणी आत.

त्यामुळे संगमावर होडीने जायचं असेल तर पूर्ण भरतीच्या आधीच्या दोन तासांत जा आणि पूर्ण भरती होताच परता. खाडीतला प्रवाह किनाऱ्यावरच्या भरतीच्या वेळेला लगेच उलटत नाही, थोडा मागे राहतो. कोष्टकावर मिनिटं मोजत बसू नका, पाण्यावर तरंगणारा पालापाचोळा कुठल्या दिशेला जातोय ते बघा. मुखाच्या वाळूवर पोहायला उतरूच नये, कितीही उथळ दिसो. तिथली वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते, मागच्या वर्षी चालत गेलेली जागा या वर्षी दोन पुरुष खोल असू शकते. तरंगायचं जाकीट (लाइफ जॅकेट) फक्त अंगात घालून उपयोग नाही, सगळे बंद लावलेले हवेत. खांद्याला धरून वर ओढल्यावर ते कानापर्यंत सरकलं तर माप मोठं आहे, बदलून मागा.

तारकर्लीच्या सरळ किनाऱ्यावरचा धोका खेचीचा, ज्याला रिप करंट म्हणतात. घोळक्यातल्या चार-पाच लाटांनी आत ढकललेलं पाणी वाळूच्या बांधातल्या खोलगट जागेतून एकदम बाहेर पळतं. वरून बघितलं तर तिथे लाटा फुटत नाहीत, पाणी गडद आणि सपाट दिसतं, फेस बाहेरच्या बाजूला वाहत असतो. दुर्दैवाने नवख्याला हीच जागा पोहायला ‘शांत’ वाटते. द्वितीयेच्या सकाळी अशा तीन जागा लांबूनच दिसत होत्या. पाण्यात जायच्या आधी किनाऱ्याच्या उंच भागावर २० मिनिटं बसून बघा. दहा मिनिटांत घोळका आलाच नाही असं होऊ शकतं, म्हणून वीस. खेचीत सापडलात तर किनाऱ्याकडे पोहू नका, त्यात दम संपतो. पाठीवर तरंगा, हात वर करून हाक द्या, खेच सैल झाल्यावर किनाऱ्याला समांतर सरका आणि जिथे लाटा फुटतायत तिथून आत या. बोर्ड असेल तर काहीही झालं तरी सोडू नका. वाचवायला कुणी उडी मारत असेल तर त्याच्या हातात तरंगणारं काहीतरी द्या, रिकामा कॅन चालेल, झाकण घट्ट लावलेला.

आणखी एक. किनाऱ्यावर दोन खुणा ठरवून घ्या, एक जवळची आणि एक मागची, म्हणजे आपण किती सरकलो ते कळतं. दुपारच्या वायव्य वाऱ्यात पाणी तुम्हाला दक्षिणेला, म्हणजे देवबागच्या दिशेने नेतं. नैऋत्येच्या स्वेलमध्ये ते उलट दिशेलाही नेऊ शकतं.

वाऱ्याचा दिनक्रम या महिन्यांत बराच भरवशाचा आहे. रात्री आणि पहाटे मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, हलका. तोच लाटेचा चेहरा सरळ धरतो. दहा-अकराच्या सुमारास खारा वारा लागतो, दोन ते पाच जोरात, सूर्यास्तानंतर पडतो. अंदाजात सकाळी सहालाच वायव्य १० नॉटच्या (ताशी सुमारे १८ किलोमीटर) वर दाखवत असेल तर बोर्ड उचलायचे कष्ट घेऊ नका.

बोर्ड मऊ पृष्ठभागाचा, ८ ते ९ फुटी. इथल्या लाटा मंद आणि भरल्या पोटाच्या असतात, आखूड बोर्ड बुडत राहतो. घोट्याला बांधायची दोरी बोर्डाच्या लांबीएवढी, आणि तिची फिरकी गंजलेली नाही ना ते रोज बघा. खाऱ्या पाण्यात आधी तीच जाते. मेण गरम पाण्यासाठीचं घ्या, थंड पाण्याचं मेण एप्रिलच्या उन्हात वितळून वाळूत मिसळतं. फिनचे, म्हणजे बोर्डाखालच्या पंखाचे, स्क्रू आणि चावी जास्तीची ठेवा. पायाखाली पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) असू शकते, उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत चाला. तिचा काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय धरून ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा.

सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागलेली असेल तर तो भाग सोडा. जाळ्याचा घेर किनाऱ्यापासून बराच आत असतो, दोन्ही टोकांचे दोर ओढणारी माणसं दिसली की मधलं सगळं पाणी रापणकरांचं. दोरावर बोर्डाचा फिन अडकला तर त्यांचं नुकसान आणि तुमचा घोटा, दोन्ही. बाकी दर्या कसा आहे हे त्यांनाच विचारा. “काल राती पाणी लागला होता काय?” एवढं विचारलंत तरी ॲपमध्ये नसलेली माहिती मिळते.

वर्षाचं गणित थोडक्यात. डिसेंबर ते फेब्रुवारी समुद्र सगळ्यात नरम. अधूनमधून अरबस्तानाकडच्या शमाल वाऱ्यांच्या वायव्येकडून येणाऱ्या आखूड लाटा, ६ ते ८ सेकंदांच्या. मार्चपासून मेच्या मध्यापर्यंत दक्षिणेचे स्वेल. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात एक डोळा अरबी समुद्रातल्या कमी दाबावर ठेवा. २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ मे महिन्याच्या मध्यावरच या किनाऱ्याजवळून गेलं. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ३१ ऑगस्टपर्यंत जलक्रीडा बंद असते, यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी. त्या काळात पाणी फक्त बघायचं. ऑक्टोबर सुरेख दिसतो, पण २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार वादळ दूर समुद्रात असूनही सिंधुदुर्गचा किनारा खवळला होता. शिवाय दुपारनंतर गडगडाट झाला की बोर्ड घेऊन पाण्याबाहेर, लगेच.

पोचायला कुडाळ स्टेशन सोयीचं, तिथून मालवण सुमारे ३० किलोमीटर आणि पुढे तारकर्ली सहा-सात. बोर्ड गाडीच्या टपावर असेल तर फिन वर ठेवून दोन पट्ट्यांनी बांधा, पट्ट्याला एक पीळ द्या म्हणजे वाऱ्यात घोंघावत नाही. निघण्याच्या पाच दिवस आधी पीरियड, दोन दिवस आधी वारा, आदल्या रात्री इन्कॉइसचा इशारा, या क्रमाने बघा. पाच दिवसांपुढचा वाऱ्याचा अंदाज बघून सुट्टी टाकू नका. स्वेलचा मात्र इतक्या आधी बराच जुळतो, कारण ती लाट तेव्हा निघालेलीच असते. फोनमध्ये ११२, किनारा सुरक्षेचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४ आधीच भरून ठेवा आणि फोन पाण्यात न जाणाऱ्या माणसाकडे द्या.

पुढची बरी वेळ चैत्र अमावास्येच्या दोन दिवस आधीपासून तृतीयेपर्यंत. सुकती पहाटे येईल, पीरियड १२ च्या वर असेल तर सहालाच पाण्यावर हजर राहा. १६ च्या वर आणि सोबत उधाण असेल तर देवबागच्या पट्टीवर पाण्याच्या कडेला गाडी लावू नका, दुपारच्या भरतीला पाणी तिथवर येतं.